परांचीआडचा जपान

मी कॅमेरा घेऊन जपानमधील एखाद्या ऐतिहासिक वास्तूपाशी पोहोचावे आणि ती नेमकी परांचीआड दडलेली असावी, हा योग इतक्या वेळा आला आहे की माझ्या पत्रिकेतच खोट असावी, अशी शंका येते. २०१२ मध्ये हिमेजीला गेलो, तर किल्ल्याचा पांढराशुभ्र मुख्य मनोरा आच्छादनात गुंडाळलेला आणि त्या आच्छादनावर मनोऱ्याचेच रेखाचित्र. म्हणजे मी चित्राचे छायाचित्र काढून परतलो. २०१८ मध्ये क्योतोच्या कियोमिझु मंदिराच्या छपरावर हिनोकी वृक्षाच्या सालीचे नवे थर चढत होते. २०१९ च्या नोव्हेंबरात भरतीची वेळ साधून, खांद्यावर तिपाईचे ओझे वाहत मियाजिमा बेटावर उतरलो, तर समुद्रात उभे असलेले ते शेंदरी तोरी, म्हणजे तिथल्या देवस्थानाचे प्रवेशद्वार, जाळीमागे! लाकूड आणि खारे पाणी म्हटले की डागडुजी आलीच, हे मला कळते. शिवाय तिथली माणसे कमरेत वाकून अशी क्षमा मागतात की धड चिडताही येत नाही. परंतु सहल ठरवण्यापूर्वी चौकशी केली नव्हतीस का, असे घरचे विचारतात, तेव्हा मात्र डोके फिरते. केली होती, माहितीपत्रकात निळ्याभोर आकाशाखाली तेच तोरी दिमाखात उभे होते.