चित्रे आणि गेस्ट ‘पक्के’, हे ठरवलं कुणी?

रविवारी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत बहिणीकडे गेले होते. भाची बारावीला. इंग्रजीचा पेपर तोंडावर आलाय, म्हणून सहज तिचं युवकभारती, म्हणजे इंग्रजीचं पाठ्यपुस्तक, हातात घेतलं, तर साउदीची ‘द इंचकेप रॉक’ आणि मामांग दाईंची ‘स्मॉल टाउन्स अँड द रिव्हर’ या दोन कवितांवर लाल पेनाने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली. “हे काय गं?” म्हटलं, तर म्हणाली, “मावशी, ह्या दोन येतच न्हाईत औंदा. मेसेज आलाय की.” आणि मोबाइल पुढे केला.

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. मला सोमवारपर्यंत तीन ठिकाणांहून आला. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं. बोर्डाच्या गेल्या दहा वर्षांच्या पेपरांचा अभ्यास करून पॅटर्न काढलाय, एकदा येऊन गेलेला कवी पुढची दोन वर्षं येत नाही. यंदा दिलीप चित्रे आणि एडगर गेस्ट शंभर टक्के, साउदी आणि मामांग दाई डिलीट करा. ही खबर कोल्हापूर विभागातल्या आतल्या माणसाची आहे. २०२३ला कवितेत गोंधळ झाला होता, त्यामुळे बोर्ड आता जपून सोपंच काढतं. आणि रसग्रहण पाठ केलं की चार मार्क खिशात.

एकवीस वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. दरवर्षी असलं काहीतरी फिरतं आणि मी दुर्लक्ष करते. या वेळी करणार नाही, कारण ती फुली माझ्या घरातल्या पुस्तकावर पडलीय.

आधी ते ‘दहा वर्षं’. बारावीचं आत्ताचं इंग्रजीचं पुस्तक आलं २०२०मध्ये. त्यात आठ कविता आहेत: व्हिटमन, सरोजिनी नायडू, साउदी, गेस्ट, चित्रे, डेव्हिस, बायरन आणि मामांग दाई. या पुस्तकावरची पहिली परीक्षा २०२१ला व्हायची, ती कोरोनामुळे रद्द झाली. २०२२ला परीक्षा झाली, पण पंचवीस टक्के अभ्यासक्रम कमी करून. म्हणजे पूर्ण पुस्तकावरची पहिली नेहमीसारखी परीक्षा २०२३ची. आता सांगा, या आठ कवींचा दहा वर्षांचा पॅटर्न कुठून काढला? पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर प्रथमावृत्तीचं साल छापलेलं असतं. मेसेज पुढे ढकलणाऱ्या एकानेही ते पान उघडून बघितलं नाही, याचा मला खरा राग आहे. शिवाय जुलैची पुरवणी परीक्षा या हिशेबात धरलेलीच दिसत नाही. तिथेही पेपर निघतो, तिथेही दोन कवी येतात. मग ‘येऊन गेला’ म्हणजे नक्की कधी आणि कुठे येऊन गेला?

आता ‘शंभर टक्के’. पेपरात कवितेचे दोन प्रश्न असतात. एक उतारा दहा मार्कांचा, दुसरा रसग्रहणाचा चार मार्कांचा, आणि दोन्ही वेगवेगळ्या कवितांमधले. आठ कवितांच्या जोड्या होतात अठ्ठावीस. हे मी भाचीला वहीत मांडायला लावलं, तिने मांडलं. चित्रे आणि गेस्ट दोघेही येतील अशी जोडी एक. दोघांपैकी निदान एक येईल अशा तेरा. दोघांपैकी एकही येणार नाही अशा पंधरा. म्हणजे फक्त या दोन कविता करून बसलेली मुलगी निम्म्याहून जास्त वेळा परीक्षेच्या हॉलमध्ये कोऱ्या डोक्याने बसेल.

आणि ती तेरा आहे ना, तिच्यातच या मेसेजवाल्यांचं दुकान चालतं. कुणीही डोळे मिटून दोन नावं टाकली तरी जवळजवळ निम्म्या वेळा एक नाव बरोबर निघतंच. मग पेपर सुटल्यावर गेटवर पोरं म्हणतात, “सरांनी सांगितलेलं आलं की!” ज्यांचं बुडालं ती गप्प घरी जातात. पुढच्या वर्षी तेच सर, तोच मेसेज, फक्त नावं बदललेली.

‘आतला माणूस’ याबद्दल फार लिहीत नाही. कोल्हापूर विभागीय मंडळाकडे कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे आहेत, परीक्षा घेण्याचं काम तिथून चालतं. पेपर मात्र राज्यातल्या नऊही विभागांना एकच असतो. नागपूरची पोरं जो सोडवतात तोच आपली सोडवतात. कोल्हापूरचा वेगळा पेपरच नाही, तर कोल्हापूरची वेगळी खबर कसली?

२०२३चं म्हणाल तर ते खरं आहे, मान्य करावं लागेल. त्या वर्षी इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या तीन उपप्रश्नांत छपाईची चूक झाली, एका ठिकाणी तर प्रश्नाच्या जागी परीक्षकांसाठीची सूचनाच छापली गेली. तिन्ही मिळून सहा मार्कांचे होते आणि मंडळाने ते मार्क दिले. पण ती छपाईची चूक होती. तिच्यावरून पुढे कुठला कवी येणार हे कळत नाही.

आणखी एक मान्य करते. अंदाज बांधता येतो, पण तो प्रश्नांचा. पेपराचा आराखडा ठरलेला आहे. उताऱ्यावर दोन-दोन मार्कांच्या पाच कृती, म्हणजे उपप्रश्न, असतात, त्यातल्या एकीत अलंकार ओळखून समजावायचा, एकीत दोन ते चार ओळी स्वतः रचायच्या. रसग्रहणात उतारा समोर छापलेला असतो आणि मुद्दे दिलेले असतात. कवी आणि कविता, भाषा-अलंकार, वैशिष्ट्यं, आणि मूल्य किंवा स्वतःचं मत. याची तयारी करा, जरूर करा. मीसुद्धा फळ्यावर ‘आयएमपी’ लिहून खाली रेघ मारलीय, नाही म्हणत नाही. पण ती रेघ कृतीच्या प्रकाराखाली असायची. कवीचं नाव खोडायला मी कुणालाच सांगितलं नाही.

राहिला पाठांतराचा मुद्दा, आणि मला सगळ्यात जास्त लागलेला हाच आहे. भाचीने चित्र्यांच्या ‘फादर रिटर्निंग होम’चं रसग्रहण गाइडमधून तोंडपाठ केलंय. एका दमात म्हणून दाखवलं. एलिअनेशन (परकेपण), इमेजरी (शब्दचित्रं), फ्री व्हर्स (मुक्तछंद), सगळं. मी विचारलं, “घरी आल्यावर तो बाप खातो काय?” तिला सांगता येईना. कवितेत आहे ते: शिळी चपाती, पाणचट चहा. चिखलाने चिकट झालेल्या चपला, पिवळ्या उजेडातली उशिराची लोकल, आणि घरात मुलं, जी त्याच्याशी आपले विनोद वाटून घेत नाहीत. आमचे दाजी, म्हणजे तिचे वडील, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत सेकंड शिफ्टला असतात. रात्री साडेबाराला घरी येतात आणि ओट्यावरचं झाकलेलं ताट उघडून एकटे जेवतात. ही पोरगी ते रोज बघते. तिच्याइतकी ही कविता कुणाला कळायला हवी? आणि तिच्या हातात दिलं काय, तर एलिअनेशन! समजा चित्रे आलेच पेपरात, तरी मत मांडायच्या मुद्द्यावर परीक्षकाला गाइडचंच वाक्य दिसणार, जे त्याने त्या दिवशी शंभर पेपरांत वाचलेलं असेल.

मग आम्ही खोडलेल्या दोन कविता काढल्या. ‘इंचकेप रॉक’ ही तर गोष्टच आहे. समुद्रातला जीवघेणा खडक, जहाजांना सावध करायला मठाधिपतीने त्यावर बांधलेली घंटा, राल्फ नावाच्या लुटारूने ती मुद्दाम तोडलेली, आणि पुढे धुक्यात त्याचंच जहाज त्या खडकावर आपटून बुडालेलं. पंचवीस मिनिटांत वाचून, समजून झाली. ती म्हणाली, “एवढीच हाय व्हय?” ही कविता खोडायला लावली या लोकांनी.

मामांग दाई अरुणाचलच्या. त्यांच्या कवितेत लहान गाव आहे, मरण आहे, आणि नदी आहे, जिला जीव असतो. २०१९च्या पुरात भाचीचं घर सोडावं लागलं होतं, हे सगळे एका शाळेत राहिले होते. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे तिला पाढ्यासारखं येतं. नदीवर चार ओळी लिही म्हटल्यावर तिने पंचगंगेवर सहा लिहिल्या. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, ते आम्ही नीट केलं.

तिच्याकडे आता सोळा दिवस आहेत आणि आठ कविता. एकीला दोन दिवस. लाल पेनाची फुली खोडरबराने जाईना, म्हणून तिने त्या पानांची झेरॉक्स आणून वरून चिकटवलीय.