कलोनियलच्या दोन दिवसांवरून ॲनिका सोरेनस्टॅम मोजता येत नाही

महिलांच्या गोल्फविषयी चर्चा निघाली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा: स्वीडनची ॲनिका सोरेनस्टॅम ही प्रसारमाध्यमांनी मोठी केलेली खेळाडू आहे, 2003 मध्ये पुरुषांच्या स्पर्धेत उतरल्यावर ती दोन दिवसांत बाहेर पडली आणि तिची खरी पातळी उघडी पडली, महिलांच्या एलपीजीए टूरवरची तिची 72 विजेतेपदे प्रतिस्पर्धी दुबळ्या होत्या म्हणून मिळाली, तिचा 59 फटक्यांचा विक्रम सोप्या मैदानावरचा आहे, ती घडली अमेरिकेत, स्वीडन फक्त नावाला, आणि मेक्सिकोची लोरेना ओचोआ वरचढ ठरताच तिने काढता पाय घेतला. यातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत आणि म्हणूनच मजकूर पटकन पटतो. अडचण आहे ती या खऱ्या गोष्टींतून काढलेल्या निष्कर्षांची.

सुरुवात कलोनियलपासूनच करणे भाग आहे, कारण साऱ्या मजकुराचा डोलारा त्यावरच उभा आहे. मे 2003 मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थच्या कलोनियल कंट्री क्लबवर होणाऱ्या पीजीए टूरच्या स्पर्धेत ॲनिका प्रायोजकांच्या आमंत्रणावरून खेळली. 1945 मध्ये बेब झहारियास खेळली होती, त्यानंतर पुरुषांच्या या टूरवर उतरलेली ती पहिलीच महिला. पहिल्या दिवशी तिने 71 आणि दुसऱ्या दिवशी 74 फटके घेतले; गोल्फमध्ये फटके जितके कमी तितके चांगले. चार दिवसांच्या स्पर्धेत पहिल्या दोन दिवसांनंतर साधारण निम्मे खेळाडू गळतात, त्या सीमेला कट म्हणतात. तो कट 141 फटक्यांवर लागला आणि 145 वर असलेली ॲनिका चार फटक्यांनी बाहेर राहिली. 36 होल पूर्ण केलेल्या 111 जणांत तिचा क्रमांक संयुक्त 96वा होता. इथपर्यंत दावा अगदी बरोबर आहे आणि त्यात लपवण्यासारखेही काही नाही.

मात्र हे 145 फटके कसे झाले, याकडे दावा करणारे पाहतच नाहीत. पहिल्या दिवशी तिने दहाव्या होलपासून सुरुवात केली आणि पहिल्या फटक्यासाठी सर्वांत लांब मारणाऱ्या ड्रायव्हरऐवजी 4-वूड हातात घेतली. चेंडू फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, मधोमध पडला, तेव्हा गुडघ्यांतले बळ गेल्याचा अभिनय करत तिने प्रेक्षकांना हसवलेही. त्या दिवशी तिने 14 पैकी 13 फेअरवे आणि 18 पैकी 14 ग्रीन (होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ) ठरल्या फटक्यांत गाठली. तेराव्या होलवर ग्रीनच्या काठावरून पटरने मारलेला चेंडू होलमध्ये गेला, ती तिची दिवसातली एकमेव बर्डी, म्हणजे होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा (पार) एक कमी. बोगी, म्हणजे पारपेक्षा एक जास्त, दोनच झाल्या. पारपेक्षा एकच फटका जास्त असलेला हा 71 चा आकडा फुटकळ नव्हता: दुसऱ्या दिवशी तिने 70 फटके, म्हणजे नेमके पारइतके घेतले असते, तर ती 141 वर येऊन कटच्या आत राहिली असती. पहिल्या दिवसाच्या खेळाने तिला बाहेर काढले नाही. बाहेर काढले ते दुसऱ्या दिवशी पाचव्या ते बाराव्या होलदरम्यान झालेल्या पाच बोगींनी.

आता त्या बोगी का झाल्या, हे पाहू. कलोनियल हे 7,080 यार्डांचे मैदान होते, तर तेव्हा महिलांच्या स्पर्धा साधारणपणे साडेसहा हजार यार्डांच्या आतबाहेर खेळल्या जात. ट्रिनिटी नदीकाठचा पाचवा होल 470 यार्डांच्या आसपासचा पार-4 आहे आणि तिथे तिला दोन्ही दिवस बोगी पडली. ॲनिका महिलांमध्ये तेव्हा सर्वांत लांब मारणाऱ्यांपैकी होती, पण तिचा ड्राइव्ह, म्हणजे होलवरचा पहिला लांब फटका, सुमारे 270 यार्ड जाई, तर पुरुषांची सरासरी 285 च्या घरात होती. पंधरा यार्डांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात मात्र पुरुष खेळाडू जिथून आठ नंबरचे आयर्न (कमी अंतराचा क्लब) मारतो, तिथून तिला बऱ्याच लांबचे आयर्न किंवा फेअरवे वूड मारावी लागे; तो चेंडू सपाट येतो, टणक ग्रीनवर थांबत नाही, आणि मग होलपासून दूरवरून पट, म्हणजे ग्रीनवरचा घरंगळता फटका, दोनदा, कधी तीनदा खेळावा लागतो. पहिल्या दिवशी तिचे 33 पट झाले ते यामुळेच. ‘पटिंग खराब झाले’ एवढ्यावर ते प्रकरण संपत नाही. लांबीची उणीव पटांच्या रकान्यात दिसली, एवढेच.

एवढ्यावरून सिद्ध होते ते हे, की जगातली सर्वोत्तम महिला गोल्फपटू पुरुषांच्या टूरवर 7,000 यार्डांच्या मैदानावर कटच्या आसपासची खेळाडू होती. स्पर्धेच्या आधी, ती या स्पर्धेत शोभत नाही आणि तिचा कट हुकावा, असे भारतीय वंशाचा फिजीचा विजय सिंग म्हणाला होता. त्याला तसे म्हणण्याचा हक्क होता, आणि कट हुकलाही. पण त्याच आठवड्यात ज्या पुरुष व्यावसायिकांचा कट हुकला, त्यांच्यापैकी एकाचीही कारकीर्द त्यामुळे ‘उघडी पडली’ असे कुणी लिहिले नाही. हा प्रयोग एकदाच करायचा, हे तिने आधीच जाहीर केले होते. त्यामुळे ‘पुन्हा हिंमत केली नाही’ हा सूरही लागू पडत नाही. लगेच पुढच्या आठवड्यात तिने महिलांच्या टूरवर विजेतेपद मिळवले, त्यानंतरच्या आठवड्यात ग्रेस पार्कला बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये हरवून एलपीजीए चॅम्पियनशिप जिंकली, आणि ऑगस्टमध्ये रॉयल लिदमवर ब्रिटिश ओपन जिंकून करिअर ग्रँड स्लॅम, म्हणजे प्रत्येक मेजर (सर्वांत मोठ्या मोजक्या स्पर्धा) निदान एकदा जिंकण्याची कामगिरी, पूर्ण केली. मानसिकदृष्ट्या खचलेल्या खेळाडूचा हा उन्हाळा नव्हे.

दुसरा आक्षेप प्रतिस्पर्धी दुबळ्या असल्याचा. हा आक्षेप वरवर तर्कशुद्ध वाटतो, कारण 2002 मध्ये एलपीजीएच्या 23 स्पर्धांपैकी 11 आणि 2005 मध्ये 20 पैकी 10 जिंकणारी खेळाडू पाहिली की समोर कुणी होते की नाही, असा प्रश्न पडणारच. समोर ऑस्ट्रेलियाची कॅरी वेब होती, जिच्या नावावर 7 मेजर आहेत आणि जिने 1999 व 2000 या दोन्ही वर्षी वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा किताब ॲनिकाकडून हिरावून घेतला होता. 5 मेजर जिंकणारी कोरियाची से री पाक होती, 7 मेजर जिंकणारी ज्युली इंकस्टर होती, पुढे ओचोआ आली. या चौघीही वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये आहेत. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 2003 पर्यंत महिला गोल्फमध्ये करिअर ग्रँड स्लॅमची कामगिरी सहाच जणींनी केली होती: लुईस सग्ज, मिकी राइट, पॅट ब्रॅडली, इंकस्टर, वेब आणि सोरेनस्टॅम. यातल्या शेवटच्या तिघींनी ती 1999, 2001 आणि 2003 या सालांत, एकमेकींशी खेळत पूर्ण केली. ज्या पाच वर्षांत अशा तिघी एकाच टूरवर होत्या, त्या काळाला दुबळा म्हणायचे तर मग बलवान काळ कोणता, हे दावा करणाऱ्यांनी सांगायला हवे. खुद्द 2001 मध्ये ॲनिकाने 8 स्पर्धा जिंकल्या, पण त्या वर्षीच्या चार मेजरपैकी तिला एकच मिळाली. दोन वेबने आणि एक पाकने नेली.

वेबने दोन वर्षे मागे टाकल्यावर ॲनिकाने व्यायामशाळेत जे काम केले, तेही इथे नोंदवले पाहिजे. तोवर ती अचूक पण मध्यम लांबीची खेळाडू होती. ताकद वाढल्यावर तिचा ड्राइव्ह लांबला आणि अचूकता मात्र होती तशीच राहिली. मैदान मोकळे होते म्हणून ती पुढे गेली नाही. मागे पडली होती, म्हणून तिने स्वतःचा खेळ बदलला.

59 च्या विक्रमाबाबत दाव्यात थोडे तथ्य आहे, ते मान्य करू. 16 मार्च 2001 रोजी फीनिक्समधील मून व्हॅली मैदानावर हा विक्रम झाला. त्या आठवड्यात तिथे सगळ्यांनाच कमी फटके लागत होते: ॲनिका चार दिवसांत 261 फटक्यांवर, पारच्या 27 खाली राहिली आणि तरी पाकला केवळ दोन फटक्यांनीच मागे टाकू शकली. पण ही स्पर्धा त्याच मैदानावर वर्षानुवर्षे होत होती, टूरवरच्या सगळ्या नामांकित खेळाडू तिथे खेळून गेल्या होत्या, आणि एलपीजीएवरचा त्याआधीचा नीचांक 61 होता. त्यानंतर वीसहून अधिक वर्षे 59 हा आकडा त्या टूरवर, कोणत्याही सोप्या मैदानावर, कुणालाही गाठता आला नाही. त्या दिवशी दहाव्या होलपासून सुरुवात करून तिने पहिल्या आठही होलवर बर्डी केली, अठराव्यावर पार केला, मग पुढच्या चार होलवर पुन्हा बर्डी. म्हणजे पहिल्या 13 होलमध्ये 12 बर्डी. अठराही ग्रीन ठरल्या फटक्यांत, एकूण पट 25, बोगी एकही नाही. शेवटच्या होलवर 58 साठीचा पट हुकला. तिच्यासोबत त्या गटात तिची धाकटी बहीण शार्लोटा खेळत होती, जिने आदल्या वर्षी हीच स्पर्धा जिंकली होती.

‘अमेरिकेत घडली’ या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. स्टॉकहोमजवळच्या ब्रू गावात ती आणि शार्लोटा यांच्यात मिळून क्लबांचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, एकच संच होता आणि विषम नंबरचे क्लब ॲनिकाकडे, सम नंबरचे धाकटीकडे, अशी वाटणी होती. तिचे प्रशिक्षक हेन्री राइस स्वीडनमधलेच. प्रत्येक होलवर बर्डी, म्हणजे 18 होलमध्ये 54 फटके, ही कल्पना तिच्या डोक्यात भरवली ती स्वीडनच्या राष्ट्रीय प्रशिक्षक पिया निल्सन यांनी, आणि अमेरिकन ओपन स्वीडिश मुलगी जिंकू शकते, हे लिसेलोट न्यूमनने 1988 मध्येच दाखवून दिले होते. ॲरिझोना विद्यापीठाकडून ॲनिकाने 1991 मध्ये एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन स्पर्धेचे वैयक्तिक विजेतेपद मिळवले, हे खरे. पण व्यावसायिक झाल्यावर अमेरिकेच्या टूरचे कार्ड, म्हणजे तिथे खेळण्याचा हक्क, तिला एका फटक्याने हुकले आणि पहिले वर्ष तिला युरोपातच काढावे लागले.

राहिला निवृत्तीचा मुद्दा. 2006 मध्ये वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा मान ओचोआला मिळाला, 2007 मध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिली झाली आणि मणक्याच्या दुखापतीमुळे ॲनिकाला त्या वर्षी एलपीजीएवर एकही विजेतेपद मिळाले नाही. ॲनिकाने त्याच वेळी निवृत्ती घेतली असती, तर या आरोपाला जागा राहिली असती. पण ती 2008 मध्ये परतली, मेच्या मध्यापर्यंत तिने तीन स्पर्धा जिंकल्या, त्यातली व्हर्जिनियातली तिसरी तब्बल सात फटक्यांनी, आणि ही तिसरी जिंकल्यावर दोनच दिवसांनी, वयाच्या 37 व्या वर्षी, मोसमाअखेर थांबत असल्याचे जाहीर केले. हरत असताना थांबणे आणि जिंकत असताना थांबणे यांत फरक असतो. (खुद्द ओचोआने 2010 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी, अव्वल क्रमांकावर असताना खेळ सोडला, तिच्यावर मात्र पळ काढल्याचा आरोप कुणी केला नाही आणि करूही नये.) ॲनिका 2021 मध्ये पन्नाशीत अमेरिकेच्या सीनियर महिला ओपनमध्ये प्रथमच उतरली आणि आठ फटक्यांनी जिंकली, दुसरी आली ती न्यूमन.

तिच्या कारकिर्दीत टीकेला जागाच नाही, असे मात्र कुणी समजू नये. 1995 आणि 1996 मध्ये सलग दोन अमेरिकन महिला ओपन जिंकल्यावर तिसरीच्या प्रयत्नात 1997 मध्ये पंप्किन रिज मैदानावर तिचा कट हुकला, आणि मग ही स्पर्धा तिला जवळजवळ दहा वर्षे चकवत राहिली. 2002 मध्ये तीन दिवसांनंतर ती दोन फटक्यांनी आघाडीवर होती, पण शेवटच्या दिवशी 66 फटके घेत इंकस्टरने स्पर्धा नेली. 2004 मध्ये मेग मॅलनने शेवटच्या दिवशी 65 फटके घेत स्पर्धा जिंकली. न्यूपोर्टला पॅट हर्स्टविरुद्धचा प्लेऑफ जिंकून तिसरे ओपन तिच्या हाती आले ते 2006 मध्ये. या सगळ्यांत 2003 चा पराभव सर्वांत बोलका आहे. कलोनियलनंतर जेमतेम दीड महिन्याने पुन्हा पंप्किन रिजवर, शेवटच्या पार-5 होलवर ती आघाडीच्या बरोबरीत असताना तिने दुसऱ्याच फटक्यात ग्रीन गाठण्याचा धोका पत्करला, चेंडू उजवीकडे झाडांत गेला, बोगी झाली आणि प्लेऑफची संधी एका फटक्याने हुकली. ॲनिकाविरुद्ध काही लिहायचेच असेल, तर कलोनियलच्या 36 होलांपेक्षा या एका होलविषयी लिहावे. तिथे मैदान तिच्या आवाक्यातले होते, समोर महिलाच होत्या, आणि निर्णय पूर्णपणे तिचा होता.