उमेश कत्ती आणि व्हॉट्सअॅपवरचा इतिहास

सप्टेंबर उजाडला की सीमाभागातल्या व्हॉट्सअॅप गटांमध्ये उमेश कत्तींच्या, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरीचे आमदार आणि कर्नाटकचे मंत्री राहिलेल्या दिवंगत पुढाऱ्याच्या, फोटोखाली एक मजकूर फिरायला लागतो. यंदा मला तो चौघांनी पाठवला. त्यातला पहिला संकेश्वरच्या मामांकडून आला, तोही हात जोडलेल्या चिन्हासह. मजकुराचा सारांश असा: कत्ती आयुष्यात कधी हरले नाहीत, सलग आठ वेळा आमदार झाले. पक्षाशी एकनिष्ठ राहिले. मंत्रिपद त्यांच्याकडे चालत आलं. गरिबाच्या शिध्याला त्यांनी हात लावू दिला नाही. आणि शेवटी ठळक अक्षरांत: वेगळं उत्तर कर्नाटक मागणारा हा माणूस मनातून मराठी सीमावासीयांच्या बाजूचा होता.

माणूस गेलेला आहे, वाईट बोलायचं कारण नाही. पण हे सगळं खरं धरलं तर हुक्केरीचं राजकारणच कळणार नाही.

आधी आठ वेळांचं बघू. आठ हा आकडा बरोबर, ‘सलग’ चूक. वडील विश्वनाथ कत्ती वारले आणि १९८५ च्या पोटनिवडणुकीत चोवीस वर्षांचे उमेश निवडून आले. मग १९८९, १९९४, १९९९. २००४ ला ते काँग्रेसकडून उभे राहिले आणि भाजपच्या शशिकांत नाईकांनी त्यांना पाडलं. पुढचे चार विजय २००८ पासूनचे, आणि त्यातले दोन त्याच वर्षातले! मे महिन्यात धर्मनिरपेक्ष जनता दलाचे आमदार झाले, जुलैत राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले, डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत त्याच मतदारांनी त्यांना कमळावर पुन्हा निवडून दिलं. दुसऱ्या पक्षाच्या आमदाराला राजीनामा द्यायला लावून कमळावर निवडून आणायच्या या खेळीचं ‘ऑपरेशन कमळ’ हे नाव लोकांच्या तोंडी बसलं ते याच हंगामात. त्यानंतर २०१३ आणि २०१८.

म्हणजे एकनिष्ठेचा मुद्दा इथंच निकालात निघतो. जनता पक्ष, जनता दल, संयुक्त जनता दल, काँग्रेस, धर्मनिरपेक्ष जनता दल, भाजप. निम्म्या महाराष्ट्रात मिळून जेवढी चिन्हं दिसतील तेवढी हुक्केरीकरांनी एकाच उमेदवारापुढं पाहिली. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही, उलट खरं कौतुक इथंच आहे. चिन्ह बदलून माणूस टिकतो कसा? हुक्केरी तालुक्यात त्याचं उत्तर सहकारात सापडतं. संकेश्वरचा हिरण्यकेशी साखर कारखाना, बेळगावची जिल्हा मध्यवर्ती बँक, जिथं भाऊ रमेश कत्ती वर्षानुवर्षं अध्यक्ष होते. या तालुक्यातली वीजसुद्धा सहकारी संघ पुरवतो, देशात असा संघ विरळाच. ऊस, पीककर्ज आणि लाइट बिल ज्या वर्तुळातून फिरतं, तिथं मतपत्रिकेवरचं चित्र नांगरधारी शेतकऱ्याचं की कमळाचं, हा प्रश्न मागं पडतो. आमच्याकडची म्हातारी माणसं पक्षाचं नाव घेतच नाहीत, ‘कुणाच्या गटातला?’ एवढंच विचारतात.

मंत्रिपद चालत आलं म्हणे. मुख्यमंत्री जे. एच. पटेलांच्या मंत्रिमंडळात ते होते, २००८ नंतरच्या भाजप सरकारांत कृषी खातं सांभाळलं, हे खरं. पण २०१९ आठवा. भाजपचं सरकार आलं, मुख्यमंत्री येडियुराप्पांनी मंत्रिमंडळ केलं आणि त्यात आठ वेळच्या आमदाराला जागा नव्हती. त्याच ऑगस्टमध्ये २०१८ ला अथणीत पडलेले लक्ष्मण सवदी उपमुख्यमंत्री झाले. जिंकलेला बाहेर, हरलेला आत. कत्ती चिडले, आपण मुख्यमंत्रिपदालाही लायक आहोत असं उघड बोलले, आणि जानेवारी २०२१ पर्यंत थांबले तेव्हा कुठं अन्न व नागरी पुरवठा खातं हाती आलं.

आणि शिध्याचं म्हणाल तर तिथंच मजकूर लिहिणाऱ्याची स्मृती सगळ्यात कच्ची. खातं मिळून महिना झाला नाही तोच ज्यांच्या घरी टीव्ही, फ्रिज किंवा दुचाकी आहे त्यांनी बीपीएल कार्ड परत करावं, असं ते बोलून बसले. आरडाओरड झाली, माघार घ्यावी लागली. एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, रेशनचा तांदूळ पाचवरून दोन किलो का केला, असं एका शेतकऱ्यानं फोनवर विचारलं. मग मरायचं का, या त्याच्या प्रश्नावर कत्तींकडून मेलेलं बरं, अशा अर्थाचं उत्तर गेलं. रेकॉर्डिंग राज्यभर फिरलं, त्यांना माफी मागावी लागली.

आता ठळक अक्षरांतली ओळ. वेगळ्या उत्तर कर्नाटकाची मागणी कत्तींनी अनेकदा केली. पण तिचं भांडण बेंगळूरूशी होतं: निधी दक्षिणेला जातो, पाण्याचे प्रकल्प आमचेच रखडतात, हे. भाषेशी तिचा संबंध नव्हता. १९५६ साली चंदगड सोडून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, ते दुखणं वेगळं. त्यावर महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, आणि त्यात मागणी ८६५ गावांची आहे. कत्तींच्या नकाशात ही गावं महाराष्ट्रात येत नव्हती. बेळगाव, खानापूर, निपाणी सगळं नव्या राज्यात तसंच राहणार होतं, शाळेतली भाषा तीच, सातबारा तोच, फक्त राजधानी जवळ. इकडच्या बाजारात दोन्ही भाषा चालतात आणि पुढारी मराठीत चार वाक्यं बोलतो, तेवढ्यावरून त्याला समितीवाला, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात मागणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा, ठरवायचं?

मजकुरात एक गोष्ट सोयीस्कर गाळली आहे. जून २०२२ मध्ये बेळगावात वकिलांच्या कार्यक्रमात कत्ती म्हणाले की २०२४ च्या निवडणुकीनंतर देशाची पन्नास राज्यं होतील. कर्नाटकाची दोन, उत्तर प्रदेशाची चार आणि महाराष्ट्राची तीन. मुख्यमंत्री बोम्मईंनी असा काही प्रस्ताव नसल्याचं लगेच सांगून टाकलं. तीन महिन्यांनी, ६ सप्टेंबरला, वन आणि अन्न ही खाती हातात असतानाच ते गेले. त्यांच्या त्या हिशेबात निपाणी उत्तर कर्नाटकातच राहते. मग पंधरा-वीस किलोमीटरवरचं, कोल्हापूर जिल्ह्यातलं कागल तीनपैकी कुठल्या महाराष्ट्रात जातं, ते मजकूर पाठवणाऱ्यांनी नकाशा घेऊन बघावं.