प्राध्यापक व्हायचंय? आधी जाहिरात वाचायला शिका

विद्यापीठात नोकरी करायची ठरवलीत? अभिनंदन! फक्त घरी एवढ्यात सांगू नका, अजून जाहिरात वाचायची आहे.

जाहिरात म्हणजे रिकाम्या जागेची सूचना, हा भाबडा समज पहिल्यांदा डोक्यातून काढा. पुष्कळदा जागेवर माणूस आधीच बसलेला असतो, त्याला रीतसर बसवायचं तेवढं राहिलेलं असतं. पात्रतेत एखाद्या आडवळणाच्या उपशाखेतली पीएच.डी., दोन परभाषा आणि नेमक्या एकाच यंत्रावरचा अनुभव मागितला असेल, तर ती पात्रता नव्हे, व्यक्तिचित्र आहे. खाली नाव घालायचं राहिलंय. तरी अर्ज कराच. एकट्याचीच मुलाखत घेतली तर बरं दिसत नाही; समितीला समोर चार चेहरे लागतात. ज्ञानाच्या सेवेतलं हे तुमचं पहिलं योगदान समजा.

मग पदाचं स्वरूप बघा. ‘तासिका तत्त्वावर’ असेल तर वर्गात बोललात तेवढ्याचेच पैसे. आदल्या रात्री वाचलंत, नंतर उत्तरपत्रिका तपासल्यात, व्हरांड्यात कुणाची रडकथा ऐकलीत, ते तुमचे छंद. कमीपणा मात्र वाटून घेऊ नका, घराणं मोठं आहे. थोर जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट १७५५ पासून क्योनिग्सबर्ग विद्यापीठात शिकवत होता; विद्यापीठाचा पगार नाही, विद्यार्थी देतील ती फी. जोडीला पुढे उपग्रंथपालाची नोकरीही केली. प्राध्यापकपद मिळालं १७७० मध्ये. म्हणजे पंधरा वर्षं हंगामी! आणि कायम झाल्यावर गड्यानं काय करावं? जवळपास दहा वर्षं महत्त्वाचं काही छापलंच नाही, नुसता विचार करत बसला. मुख्य ग्रंथ आला १७८१ मध्ये. वार्षिक मूल्यमापनाचा तक्ता तेव्हा निघालेला नव्हता म्हणून निभावलं.

तुम्ही असला विचार वगैरे करू नका. २००५ मध्ये हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं एच-निर्देशांक सुचवला: तुमचे दहा शोधनिबंध प्रत्येकी किमान दहा वेळा उद्धृत झाले, की तुमचा निर्देशांक दहा. निबंधात काय लिहिलंय हे या हिशेबात कुठंच येत नाही, तेव्हा त्यावर वेळ का घालवायचा? मित्र जोडा. तुम्ही त्यांना उद्धृत करा, ते तुम्हाला करतील. भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांना हे जमलं नाही. आजच्या काळात आपल्याला विद्यापीठात कुणी नोकरी दिली नसती, असं २०१३ मध्ये ते स्वतःच म्हणाले. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, पण नोबेल काही दर सत्राला दाखवता येत नाही.

अनुदान आणायलाही शिका. जीवरसायनशास्त्रज्ञ कॅटलिन कॅरिको एमआरएनएवर (पेशीला प्रथिनं बनवण्याचा निरोप देणाऱ्या रेणूवर) काम करत राहिल्या, अनुदान काही येईना. १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं त्यांना खालच्या पदावर आणलं. २०२३ मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं, तेव्हा अभिनंदन करायला विद्यापीठ मागं राहिलं नाही. विद्यापीठाची स्मृती अशी निवडक असते.

आणि शिकवण्याचा हट्टच नसेल, तर जाहिरातीचा उरलेला अर्धा भाग वाचा. गुणवत्ता अधिकारी, मूल्यमापन समन्वयक, धोरण सल्लागार. पूर्ण वेळ, कायम, स्वतंत्र खोली. काम सोपं: तासिकेवरच्या लोकांकडून अध्यापनाच्या दर्जाचा अहवाल भरून घ्यायचा. तो भरायला लागलेला वेळ कुणी मागायला आलंच, तर शांतपणे सांगा, ते वर्गाबाहेरचं काम आहे.