पलंगाखालचे मांजर ओढून बाहेर काढू नका

गौरी-गणपतीचे दिवस जवळ आले आणि घरोघरी पाहुण्यांची ये-जा सुरू झाली की मांजर पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: पाहुणे आल्यावर तुमचे मांजर लपून बसत असेल तर लपण्याच्या सगळ्या जागा आधी बंद करा, तरीही ते लपलेच तर आई पिल्लाला उचलते तसे मानगुटीला धरून बाहेर काढा, प्रत्येक पाहुण्याच्या मांडीवर थोडा वेळ बसवा आणि घुरघुरू लागले की ते रुळले असे समजा, फिस्कारले तर तोंडावर पाण्याचा फवारा मारा, भेदरलेले असताना लाडाने बोलू नका, कारण त्याने भित्रेपणाला खतपाणी मिळते, आणि असे आठवडाभर करूनही भीती मोडली नाही, तर मांजर मुळातच माणूसघाणे आहे असे समजून सोडून द्या. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांना मांजराचे वाईट करायचे नसते हे मी जाणतो, कारण पाच वर्षांपूर्वी मी स्वतःही तो खरा मानून तसाच वागलो होतो. म्हणूनच त्यातील एकेका सल्ल्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

लपण्याच्या जागा बंद करण्याचा सल्ला सर्वांत निरुपद्रवी वाटतो, पण पुढच्या सगळ्या चुकांचे मूळ तिथेच आहे. मांजर शिकार करणारे असले तरी मोठ्या प्राण्यांचे भक्ष्यही आहे, त्यामुळे अनोळखी गोष्ट दिसली की आधी आडोसा गाठायचा आणि तिथून तिचा अंदाज घ्यायचा, ही त्याची उपजत रीत आहे. नेदरलँडमधील उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी प्राणी-निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना लपण्यासाठी खोके दिले आणि काहींना दिले नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात खोके मिळालेल्या मांजरांचा ताण तिसऱ्या-चौथ्या दिवशीच स्पष्टपणे कमी दिसला. मांजरे केवळ 19 होती, त्यामुळे एवढ्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये हे खरे. तरी ज्याने भित्रे मांजर जवळून पाहिले आहे त्याला हा अनुभव ओळखीचा वाटेल. तेव्हा पाहुणे यायच्या आधी जागा बंद करण्याऐवजी एक चांगली जागा तयार करावी. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात दोन बाजूंना भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके किंवा कपाटाच्या माथ्यावर अंथरलेली जुनी गोधडी पुरेशी आहे. तिथून त्याला माणसे दिसावीत, माणसांचा हात मात्र तिथे पोहोचू नये. आतल्या खोलीत पाणी, खाणे आणि मातीचा ट्रे ठेवून दार किलकिले ठेवले म्हणजे ज्याला बाहेर यायचेच नाही त्याचीही सोय होते.

मानगुटीला धरण्याबद्दल थोडक्यात सांगतो. आई तसे उचलते ते काही आठवड्यांच्या पिल्लाला, तेही स्वतःच्या आणि जागा बदलण्यापुरते. चार किलोच्या प्रौढ मांजराला तसे धरल्यावर ते निपचित पडते ते शांत झाल्यामुळे नव्हे, तर सुटकेचा मार्ग उरला नाही म्हणून. मांजरांच्या पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2022 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचना दवाखान्यातसुद्धा मांजराला असे धरू नये असे सांगतात. मग घरात चहा प्यायला आलेल्या पाहुण्यांपुढे तसे करण्याचे कारणच काय?

आता मांडीवर बसवण्याबद्दल. आमच्याकडे ठकी नावाची करड्या पट्ट्यांची भाटी आहे. ती इमारतीच्या पार्किंगमध्ये सापडली तेव्हा चारेक महिन्यांची होती. तिच्या पहिल्याच गौरीपूजनाच्या दिवशी मी तिला वॉशिंग मशीनच्या मागून ओढून काढले आणि माझ्या मावशीच्या मांडीवर ठेवले. ती अंग चोरून, कान मागे पाडून बसली. डोळ्यांच्या बाहुल्या इतक्या विस्फारल्या होत्या की त्यांचा हिरवा रंग दिसेनासा झाला होता. आणि तरीही ती घुरघुरत होती. आम्ही सगळे खूश झालो. मिनिटभरातच तिने मावशीच्या मनगटावर चार लांब ओरखडे काढले आणि ती माळ्यावर पळाली. त्या रात्री तिने अन्नाला तोंड लावले नाही, आणि त्यानंतर कित्येक महिने दाराची घंटा वाजली की ती माळा गाठायची. पूर्वी ती पाहुण्याला घाबरत असे. मी तिला घंटेलाही घाबरायला शिकवले होते. मांजर समाधानात घुरघुरते तसेच वेदनेत आणि भीतीतही घुरघुरते. म्हणून घुरघुर ऐकण्याआधी कान, शेपटी आणि डोळे पाहावेत, हे मला तेव्हा कुणी सांगितले नव्हते.

भीतीच्या गोष्टीसमोर बळेच उभे केले की भीती मोडते, हा समज माणसांच्या बाबतीतही मोठा आहे. तो खोडून काढणाऱ्या कामात मांजरांवरील प्रयोगांचाही मोठा वाटा आहे. दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने 1940च्या दशकाच्या अखेरीस जोहान्सबर्ग येथे मांजरांवर प्रयोग केले. पिंजऱ्यात विजेचे झटके बसलेली ती मांजरे नंतर भुकेली असूनही तिथे अन्नाला शिवत नसत. प्रयोगाचा हा भाग क्रूर होता आणि तो मला आजही वाचवत नाही. पण पुढे वोल्पे यांनी त्यांना आधी प्रयोगशाळेशी फारसे साम्य नसलेल्या खोलीत खायला दिले, मग थोडे साम्य असलेल्या खोलीत, असे करत करत शेवटी त्या पिंजऱ्यातच. आणि मांजरे तिथे निर्धास्त खाऊ लागली. माणसांच्या भयगंडावर आज जी पायरीपायरीची उपचारपद्धती वापरली जाते, तिचा पाया या निरीक्षणात आहे. तिचे मर्म असे की भीतीची गोष्ट इतक्या अंतरावर ठेवायची की मांजर तिच्या उपस्थितीत खाऊ शकेल, आणि ते अंतर मांजराच्या कलाने कमी करायचे. ज्या क्षणी ते खाणे थांबवते त्या क्षणी आपण फार जवळ आलो असे समजावे.

आम्ही ठकीसाठी हे घंटेपासून सुरू केले. कुणीही येणार नसताना दिवसातून चार-पाच वेळा मीच बाहेर जाऊन घंटा वाजवायचो आणि पत्नी आतून तिला बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा टाकायची. तीन आठवड्यांनी घंटा वाजल्यावर ती माळ्याऐवजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊ लागली. (गणपतीत घरात सामिष शिजत नाही, तेव्हा मांजरांसाठी तयार मिळणारी मऊ खाऊची नळी उपयोगी पडली.) त्यानंतर एकच पाहुणा बोलावला, तोही शांत स्वभावाचा, आणि त्याला एवढेच सांगितले की मांजर या घरात नाही असे समजून बसा. तिच्याकडे टक लावून पाहू नका, तिच्यावर वाकू नका, खाऊचा तुकडा आपल्यापासून लांब, तिच्या बाजूला टाका. ती जवळ आलीच तर एक बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरा. तिने गाल घासला तर गालाला आणि हनुवटीला तीन-चार सेकंद खाजवा, मग हात मागे घ्या आणि ती पुन्हा मागते का ते पाहा. पोट आणि शेपटीचे मूळ यांना हात लावू नका. लंडनमधील एका निवाऱ्यातील 100 मांजरांवर नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाने केलेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अनोळखी माणसांना साधारण याच पद्धतीचे नियम समजावून दिल्यावर मांजरांची सलगी वाढली आणि ओरबाडणे-चावणे कमी झाले. डोळे हळूच अर्धवट मिटून उघडण्याची युक्तीही पाहुण्यांना शिकवावी. ससेक्स विद्यापीठातील संशोधकांच्या 2020 सालच्या प्रयोगात, अनोळखी माणसाने असे डोळे मिचकावल्यावर मांजरे त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे अधिक वेळा आली.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मी जास्त कडक आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दोरीला बांधलेले पीस जमिनीवरून ओढायला द्यावे, कारण त्यामुळे मुलाचे मन रमते आणि मांजर हातभर लांब राहूनही खेळते. पाठलाग सुरू झाला तर मांजराची खोली बंद करावी आणि मुलाच्या आईवडिलांना वाईट वाटले तरी ती उघडू नये.

फिस्कारणे म्हणजे मांजराने दिलेली पूर्वसूचना असते. तिच्याबद्दल पाणी मारले तर भीती कमी होत नाही, फक्त सूचना बंद होते, आणि पुढच्या वेळी नख्या थेट लागतात. शिवाय पाहुणा आला की तोंडावर पाणी येते, एवढाच धडा मांजर त्यातून घेते.

भेदरलेल्या मांजराशी लाडाने बोलल्यास भित्रेपणा वाढतो, हा समज मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो माणसाला त्याच्या साध्या मायेपासून तोडतो. बक्षीस मिळाल्यावर वाढते ते मुद्दाम केलेले वागणे. भीती ही भावना आहे, ती कुणी खाऊच्या आशेने ठरवून करत नाही. लपलेल्या मांजराजवळ नेहमीच्या आवाजात दोन शब्द बोलण्यात काहीही चूक नाही. फक्त पलंगाखाली डोके घालून त्याची पुन्हा पुन्हा विनवणी करू नये, कारण त्याने आडोसाही असुरक्षित होतो.

राहिला आठवडाभराच्या मुदतीचा आणि ‘माणूसघाणे’ या शिक्क्याचा प्रश्न. पिल्लू माणसांना सरावते ते प्रामुख्याने वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. त्या काळात ज्याला माणसाचा हात लागला नाही, त्याला पुढे वेळ लागतो. आपल्याकडची बहुतेक घरगुती मांजरे जिन्याखालून, वाहनतळावरून किंवा बाजारातून आलेली असतात आणि ते आठवडे त्यांनी माणसांपासून लपण्यातच घालवलेले असतात. काही भाग जन्मजातही असतो: धीट बोक्याची पिल्ले अधिक धीट निघतात, असे प्राणी-वर्तनाच्या अभ्यासक सँड्रा मॅक्यून यांच्या 1995 सालच्या अभ्यासात आढळले, आणि बोका तर पिल्लांच्या संगोपनात भागच घेत नाही. म्हणून आठवड्यांऐवजी महिन्यांचा हिशोब धरावा. मात्र आजवर पाहुण्यांत मिसळणारे मांजर एकाएकी लपू लागले, तर ते लाजते आहे असे समजू नये. दिवसभर अन्न न घेतल्यास पशुवैद्याकडे न्यावे, आणि बोका वारंवार ट्रेमध्ये बसूनही लघवी होत नसेल तर त्याच तासाला निघावे, कारण मूत्रमार्ग तुंबल्यास तो जिवावर बेततो.

ठकी आता सहाव्या वर्षात आहे. ती कुणाच्याही मांडीवर बसत नाही. पाहुणे आले की जेवणाच्या टेबलाखालच्या खुर्चीवर येऊन बसते, आणि मावशी आली तर खाली उतरून तिची पिशवी हुंगते. विसर्जनाच्या दिवशी ढोल जवळ आले की ती माळ्यावर जाते. तिची गोधडी आम्ही तिथे सकाळीच अंथरून ठेवतो.