गावात नाव खोडून काय होतं?

एम.ए. सायकॉलॉजीच्या डिझर्टेशनचा हंगाम सुरू झाला की माझ्या व्हॉट्सॲपवर गुगल फॉर्म येऊन पडायला लागतात. 'मॅडम, फक्त पाच मिनिटं. आणि तुमच्या ग्रुपवर पण टाका ना प्लीज.' मी बहुतेक फॉर्म भरत नाही आणि पुढे तर मुळीच ढकलत नाही. त्यावरून एका मैत्रिणीने मला खडूस ठरवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण रिसर्च मेथड्स आणि एथिक्स हे दोन वेगळे विषय असल्यासारखे शिकवतो, माझी तक्रार तिथे आहे. मेथड्सला सॅम्पलिंग (माणसं कशी निवडायची), टी-टेस्ट (दोन गटांतला फरक तपासायची चाचणी), क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा). एथिक्स सेमिस्टरच्या शेवटी, दोन तासांत उरकायचं. आणि त्यात तरी काय? मिलग्रॅमचे विजेचे (खोटे) झटके, ज्यात हुकूम ऐकून समोरच्याला झटके देत ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. झिम्बार्डोचा १९७१ चा, विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी केलेला खोटा तुरुंग, दोन आठवड्यांचा ठरवून सहा दिवसांत गुंडाळलेला. अमेरिकेतल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२, पेनिसिलिन हाताशी आल्यावरही सिफिलिसवर उपचार न देता नुसतं बघत राहिलेले डॉक्टर. मग माणसांवरच्या संशोधनाच्या नीतीचा १९७९ चा अमेरिकन बेलमाँट रिपोर्ट, त्याची तीन तत्त्वं, दहा मार्क. मुलं हे घडाघडा लिहितात आणि त्यांना मनापासून वाटतं की आपण कोणाला शॉक देत नाही, म्हणजे आपल्याकडून कोणाला काही त्रास व्हायचा प्रश्नच नाही.

आता आमच्या मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर या.

समजा, एक मुलगी मच्छीमार घरातल्या बायकांच्या ताणावर मुलाखती घेते आहे. नावं काढली, 'सहभागी क्रमांक ७' केलं. खाली वर्णन: वय ४३, नवरा ट्रॉलरवर तांडेल, थोरला मुलगा दुबईला, धाकट्याने दहावीनंतर शाळा सोडली, सासू अंथरुणाला खिळलेली. पुण्याच्या परीक्षकाला ही बाई कोण, ते सात जन्मात कळणार नाही. वाडीतल्या माणसाला मात्र 'दुबई' शब्दापर्यंत पोचायचीही गरज नाही. आणि या बाईने सांगितलेलं काय असतं? नवऱ्याचं पिणं, दिराबरोबरचा घराच्या हिश्श्याचा वाद, एका रात्री विहिरीपाशी जाऊन परत आल्याची गोष्ट. डिझर्टेशन लायब्ररीत जातं. दोन वर्षांनी त्याच वाडीतली दुसरी पोरगी एम.ए.ला येते आणि नमुना म्हणून तेच कपाटातून काढते.

यावर उपाय आहेत, पण ते एथिक्सच्या धड्यात सापडत नाहीत, ते मेथडचे निर्णय आहेत. निष्कर्षाला वय नेमकं ४३ लागतंय की 'चाळिशीतली' पुरे? दुबईचा मुलगा विश्लेषणात कुठे येतो का? येत नसेल तर तो तिथे हवाच कशाला? घराच्या वादाचा भाग छापायच्या आधी त्या बाईला वाचून दाखवला का? हे प्रश्न विचारले की मुलीचं विश्लेषणही सुधारतं, कारण सापडेल ते सगळं भरायची सवय मोडते.

सहीचं वेगळंच. कन्सेंट फॉर्म, म्हणजे संमतीपत्र, पुढे केला की वयस्कर माणूस आधी चष्मा शोधतो आणि मग विचारतो, "सही कित्याक व्हयी? सातबाराचा काय नाय मां?" हसू नका. ज्या किनाऱ्यावर अणुऊर्जा आणि रिफायनरीच्या नावाने जमिनीचे वाद झाले, तिथे कागद घेऊन दारात आलेल्या अनोळखी मुलीला असं विचारणं हे शहाणपणाचं लक्षण आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिता-वाचता न येणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदाराची सोय आहे, एथिक्स कमिटीच्या परवानगीने तोंडी संमती नोंदवण्याचीही आहे. वर्गात मात्र मुलांना नेटवरून उतरवलेला दोन पानी इंग्रजी फॉर्म भाषांतर करून घ्यायला सांगतात. ते भाषांतर वाचून मलाच सही करायची भीती वाटते.

स्केलकडे, म्हणजे मोजमापाच्या प्रश्नावलीकडे वळू, कारण इथे माझा जीव सगळ्यात जास्त अडकतो. जीएडी-७ हे चिंता मोजायचं सात प्रश्नांचं साधं, चांगलं साधन. शेवटचा प्रश्न साधारण असा: गेल्या दोन आठवड्यांत, काहीतरी भयंकर घडेल अशी भीती किती वेळा वाटली? आता हा प्रश्न नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात, नवरा नुकताच समुद्रावर गेलाय आणि वारं फिरलंय, अशा बाईला विचारा. ती 'जवळजवळ रोज' म्हणेल. हिला चिंताविकार आहे की हिला हवामान कळतं? तोच प्रश्न जूनमध्ये विचारा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, नवरा घरात, जाळी विणतोय. समुद्राची भीती नाही, पण हातात पैसा नाही, उधारी वाढतेय. आकडा तोच येईल कदाचित, पण आतली गोष्ट निराळी. एप्रिल-मे म्हटलं तर आंब्याच्या पेट्या भरण्यात कोणाला बोलायला फुरसत नाही, आणि गणपतीत चाकरमान्यांनी घर भरलेलं, एकटेपणाचं स्केल तेव्हा काय दाखवणार? मुलं मात्र 'डेटा कलेक्शन: दोन महिने' एवढंच लिहितात. कुठले दोन महिने, ते व्हायव्हात कोणी विचारत नाही.

आणि पीएचक्यू-९. नैराश्याचं हे स्केल मुलं डोळे मिटून गुगल फॉर्मवर चढवतात. त्यातला नववा प्रश्न जीव द्यावासा वाटण्याचा किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. फॉर्म निनावी, कारण 'मॅडम, कॉन्फिडेन्शिअल आहे.' रात्री साडेअकराला कोणीतरी त्या प्रश्नासमोर 'जवळजवळ रोज'वर टिक करतं. आता? तुम्हाला ते माणूस शोधता येत नाही, कारण निनावीपणा तुम्हीच निवडलात. बहुतेक वेळा तर तो प्रतिसाद तीन आठवड्यांनी एक्सेल उघडल्यावर दिसतो. नाव अजिबात न घेणं आणि नाव घेऊन ते जपणं यांत फरक आहे, आणि यातलं काय करायचं ते फॉर्म पाठवायच्या आधी ठरवावं लागतं. निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्या प्रश्नाच्या खालीच हवा, शेवटच्या आभाराच्या पानावर नको. समोर बसून घेणार असाल तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात त्या आठवड्यात कोणाला फोन करायचा, हे आधी विचारून ठेवा. जमत नसेल तर दुसरं स्केल वापरा. नैराश्यावरच डिझर्टेशन करायला हवं, अशी कोणी सक्ती केलेली नाही.

सॅम्पलच्या आकड्याबद्दल थोडक्यात. दोन गटांतला मध्यम आकाराचा फरक ८० टक्के पॉवरने (म्हणजे फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के) पकडायचा तर प्रत्येक गटात साधारण ६४ माणसं लागतात. तुम्ही वीस-वीस घेतलीत, तर चाळीस जणांच्या संध्याकाळी घेऊन त्यांना काहीच दिलं नाहीत. हा मला आकडेवारीचा दोष वाटतच नाही. वर गाईडला सिग्निफिकंट रिझल्ट, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही असा निकाल, हवा असतो, मग मुलं व्हेरिएबल फिरवत बसतात. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत तसा निकाल आला, हे त्यांना पाठ असतं. पण तो दोष परक्यांचा.

शेजारच्या गोव्यात झालेलं काम मी मुद्दाम वाचायला लावते. संगाथ या स्वयंसेवी संस्थेचा नैराश्य-चिंतेच्या उपचारांवरचा मानस अभ्यास, २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांमुळे सरकारी आरोग्यकेंद्रांतल्या पेशंटना फायदा दिसला, खाजगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी लिहिल्या. आमच्याकडची मुलं दुसरी गोष्ट 'लिमिटेशन्स'मध्ये ढकलून देतील.

आता राहिल्या अंगणवाडीतल्या ताई. फॉर्म भरून हवेत म्हटलं की ताई वाडीतल्या बायकांना दुपारी तीनला बोलावतात. तीस बायका येतात, तीस फॉर्म भरून मिळतात. मुलगी खूश. पण मुलांचा खाऊ ज्यांच्या हातून येतो त्या ताईंनी बोलावल्यावर कोणती बाई 'मला नाही भरायचा' म्हणणार? कॉलेजातही तेच, सरांनी लेक्चर संपताना फॉर्म वाटला की वर्ग भरतो. म्हणून व्हायव्हाला मी पहिला प्रश्न टी-टेस्टचा विचारत नाही. किती जणांनी नाही म्हटलं, ते विचारते. 'कोणीच नाही, मॅडम' हे उत्तर मुलं अभिमानाने देतात. मग मी सॅम्पल कसं घेतलं ते पहिल्यापासून सांगायला लावते, आणि अर्धा तास त्यातच जातो.

इथे गाईड लोक बरेच आहेत. तुमच्याकडची मुलं नकार नोंदवतात का? नोंदवत असतील तर कारणासकट नोंदवतात का, ते खाली लिहा. मला खरंच बघायचंय.