एक वायर कुठे जाते एवढंही सांगता येत नसेल, तर सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये तो फिल्टर ठेवलाय कशाला?

डोकं फिरलंय माझं. ११ पानांचं स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा), ६०० च्या वर नेट (एकमेकींना जोडलेल्या पिनांचा एकेक गट), आणि मला बघायचं होतं एवढंच, की तापमानाच्या सेन्सरची एसडीए, म्हणजे डेटाची लाइन मायक्रोकंट्रोलरपर्यंत (बोर्डावरच्या मुख्य चिपपर्यंत) पोचते की नाही. नेटच्या यादीवरच्या फिल्टरच्या चौकटीत ‘एसडीए’ टाइप केलं. यादी कोरी! पुढेमागे स्टार लावल्याशिवाय याला नावाचा तुकडा ओळखता येत नाही. बरं, लावले स्टार. एक ओळ आली, ‘एसडीए’. एकच नाव, म्हणजे एकच नेट, असं कोणीही समजेल. मीही समजलो आणि बोर्ड बनवायला पाठवला.

बोर्ड आला. सेन्सर मुका. सगळं सोल्डरिंग तपासलं, सेन्सर बदलला, कोडमधला सेन्सरचा पत्ता तीनदा त्याच्या डेटाशीटशी ताडून पाहिला. शेवटी लाइनवरचे सिग्नल बघायला स्कोप लावला. मायक्रोकंट्रोलर पत्ता व्यवस्थित पाठवतोय, पण ‘पत्ता मिळाला’ हे सांगायला नवव्या क्लॉकला (ठोक्याला) सेन्सरने डेटा लाइन खाली ओढायला हवी, ती वरच. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक मायक्रोकंट्रोलरच्या पिनला, दुसरं सेन्सरच्या पिनला लावलं. बीप नाही. तांब्याचा ट्रॅकच नाही तिथे!

कारण काय, तर ३ नंबरच्या पानावरचं एसडीए लेबल (वायरला दिलेलं नाव) लोकल आणि ७ नंबरच्या पानावरचंही लोकल. लोकल लेबल त्या पानापुरतंच असतं, म्हणजे ही दोन वेगळी नेट. ४.७ किलोओहमचा पुल-अप (लाइन एरवी वर धरून ठेवणारा रेझिस्टर) एका नेटवर, सेन्सर दुसऱ्यावर. एससीएलचं, म्हणजे क्लॉकच्या लाइनचं लेबल ग्लोबल (सगळ्या पानांवर चालणारं) होतं म्हणून ती लाइन बरोबर जोडलेली. सेन्सरच्या पिनला टेस्ट पॉइंट (तपासणीसाठी ठेवलेला बिंदू) जोडलेला होता, त्यामुळे ‘पिन एकटी आहे’ अशी वॉर्निंगही आली नाही. लेबल चुकीचं टाकलं ते मी, मान्य आहे. पण ती चूक सापडावी म्हणूनच तर मी फिल्टर उघडला होता ना! पानाचं नाव कापून दोन नेट एकाच ओळीत दाखवायचा अधिकार याला दिला कोणी? पूर्ण नाव बघायचं तर म्हणे राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, मग तिसरा टॅब. तेही एकेका नेटचं!

आणि ग्राउंड, म्हणजे सर्किटची शून्य व्होल्टची नेट. त्याला २४० पिना आहेत. सिग्नल बघताना ग्राउंड लपवायचं, एवढी साधी गरज. दरवेळी टिक काढायची, लेआउटमध्ये (बोर्डावरच्या ट्रॅकच्या चित्रात) डोकावून परत आलं की टिक पुन्हा हजर. दिवसातून ३०-४० वेळा हेच. यादीत नेट निवडलं तर स्कीमॅटिकवर ती वायर उजळत नाही, ती शोधायची आपण, डोळे फोडून. जुन्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्यांचं बरं होतं, मोठा कागद टेबलावर पसरायचा आणि रंगीत पेन्सिलीने वायर गिरवत जायची. निदान कागद काही लपवत नव्हता.

याच सॉफ्टवेअरचं लायसन्स कंपनी दरवर्षी पैसे मोजून रिन्यू करते. गेल्या अपडेटमध्ये काय आलं? नवे आयकॉन. फिल्टरला कोणी हात लावलेला नाही.

५ बोर्ड आलेत. पाचांवरही आज केसाएवढी बारीक जंपर वायर टाकतोय, अर्ध्या मिलिमीटरवरच्या पिनांना, शेजारच्या पिनेला शॉर्ट होऊ नये म्हणून श्वास रोखून. तिसरा चालू आहे. आणि बाजूच्या स्क्रीनवर यादी अजून उघडी आहे, दोन नेट, ओळ एकच.